समुद्राचे बोअर

‘समुद्र एवढा अफाट, त्यातले मासे संपतात म्हणजे काय?’ उदगीरच्या एका वाचकाचा हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. डार्विनचा खंदा पाठीराखा थॉमस हक्सले यानेही १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हेच ठासून सांगितले होते. कॉड, हेरिंग, मॅकरेल हे मासे माणसाने कितीही धरले तरी संपायचे नाहीत, असे त्याचे म्हणणे. (वाफेचे ट्रॉलर तेव्हा नुकते कुठे पाण्यात उतरत होते, एवढे त्याच्या बाजूने बोलायला हवे.)

हक्सले सगळ्यांना ठाऊक. त्याला आकड्यांनी खोटे पाडणारा वॉल्टर गार्स्टँग मात्र कुणाच्या लक्षात नाही. सागरी जिवांच्या अळ्यांवर कविता करणारा हा अवलिया प्राणिशास्त्रज्ञ माझा फार लाडका. १९०० मध्ये त्याने इंग्लंडच्या दहा वर्षांच्या नोंदी चाळल्या. बंदरावर उतरणारी मासळी वाढतच होती, म्हणून सगळे खूश. गार्स्टँगने वाफेच्या बोटींची ताकद शिडाच्या होड्यांच्या हिशेबात मांडली. तेव्हा दिसले, की होडीमागे मिळणारी मासळी जवळजवळ निम्म्यावर आली आहे.

मराठवाड्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बोअरचे शंभर फुटांवरचे पाणी आटले की तीनशेवर जायचे, मग सहाशेवर. मोटर मोठी, पाइप लांब. नळाला धार तेवढीच. त्या धारेवरून खालच्या पाण्याचा अंदाज बांधणारा फसतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा हिशेब उघडा पडला. समुद्राला तर अशी रेल्वेही नाही.

आपल्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर हेच चालले आहे. ट्रॉलर वाढले, इंजिने वाढली. पर्ससीन जाळे अख्खा थवाच वेढते. शिंगाळा या माशाचा नर अंडी तोंडात धरून, उपाशी राहून ती उबवतो. ऐंशीच्या दशकात कर्नाटक किनाऱ्यावर अशा नरांचे थवेच्या थवे पर्ससीनमध्ये आले, म्हणजे बापासकट पुढची पिढीही गेली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत २०१९ साली राज्याची मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा वादळांनी होड्या किनाऱ्यावर बसवल्या, हे खरे. पण सगळ्या घसरगुंडीचे खापर वादळांवर फोडणे मला पटत नाही.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि किमान लांबीचे नियमही आले: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०. उत्तम. पण पिल्लू बंदरावर येते ते मेलेलेच. तिथे मोजपट्टी लावून ते परत पोहायला लागत नाही. मोजायचा तो जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचे भोक. तो बारीक ठेवणे मच्छीमाराला परवडते, कारण ताटात न जाणारी बोटभर मासळीही विकत घ्यायला मासळीच्या भुकटीचे कारखाने तयार असतात. ती भुकटी कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते.