तंबाखूच्या पानातली पोटकुळे
(पेशीचा कारभार : लेखांक ६)

हंगामात निपाणीच्या शिवारातून जाताना तंबाखूचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. विडीच्या तंबाखूला भट्टी लागत नाही, ऊन पुरते. कापलेला माल रानातच पसरलेला असतो. वाकून एक पान उचला. शिरेजवळ अजून हिरवट, मध्ये पिवळे, कडेला तपकिरी, आणि बोटाला चिकटणारे. झाड मुळावेगळे झाले तरी पान लगेच मरत नाही. अंगात पाणी आहे तोवर त्याचा श्वास चालू राहतो.

पान सुकू लागले की पेशी आधी हरितलवके मोडीत काढते. हरितद्रव्य गेले की तिथेच दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. तंतुकणिका मात्र जवळजवळ शेवटपर्यंत राबतात, कारण मोडतोडीलाही ऊर्जा लागते.

दोन्हींना दुहेरी पापुद्रा. तंतुकणिकेचा आतला पापुद्रा घड्या घालून कोंबलेला असतो; घड्या जितक्या जास्त, तितकी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, तयार करायला जागा जास्त. हरितलवकात आणखी आत चपट्या पिशव्या, भाकरीच्या चवडीसारख्या रचलेल्या. ऊन पकडले जाते ते या चवडीत, साखर बनते ती भोवतालच्या द्रवात.

हरितलवक हा बाहेरून आलेला जीव आहे, असे रशियाच्या मेरेश्कोवस्की यांनी १९०५ मध्येच म्हटले होते. फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तोच दावा तंतुकणिकांसह मांडला. त्याआधी कितीतरी नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. तंतुकणिका आधी आल्या, दीड अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू त्यांच्या दूरच्या भावकीतले. हरितलवके नंतरची, नीलहरित जीवाणूंच्या कुळातली.

माणसाच्या तंतुकणिकेच्या डीएनएची १६,५६९ अक्षरे एप्रिल १९८१ मध्ये छापून आली. निपाणीकर तो महिना वेगळ्या कारणाने विसरत नाहीत: तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला तो तेव्हाच. पाच वर्षांनी खुद्द तंबाखूची पाळी आली. जपानच्या नागोया विद्यापीठात मासाहिरो सुगिउरा यांच्या गटाने त्याच्या हरितलवकाचा डीएनए पूर्ण वाचला. सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरे, जीवाणूंसारखे वर्तुळ, जनुके शंभराहून थोडी जास्त. मोकळ्या नीलहरित जीवाणूकडे ती हजारोंनी असतात. मग बाकीची? काही हरवली, पुष्कळ मालकाच्या, म्हणजे केंद्रकाच्या, नावावर चढली. कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचा मोठा भाग अजून हरितलवकाच्या उताऱ्यावर आहे, लहान भाग केंद्रकाच्या. दोन्ही कागद जुळल्याशिवाय पानाला साखर नाही.

प्रथिने बनवणारे रायबोसोमही हरितलवकात जीवाणूंच्या घाटाचे. तंबाखूचे बी स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमावर रुजवले तर रोप उगवते, पण पांढरेफटक. औषध हरितलवकाचे रायबोसोम बंद पाडते, पेशीद्रवातल्या रायबोसोमना शिवत नाही. एका घरात दोन भाषांचा कारभार कसा चालतो, हे बेळगाव-निपाणीच्या वाचकांना मी काय सांगणार!

पुढच्या आठवड्यात मालदांडी ज्वारी. तिच्या तंतुकणिकांना परक्या वाणाचे केंद्रक दिले, तर काही वेळा कणीस नीट येते आणि परागकण वांझ निघतात.