एका डॉलरचे पाच पाव

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले, तरी योहान डेव्हिड शोप्फ हा जर्मन डॉक्टर लगेच मायदेशी परतला नाही. ब्रिटिशांनी भाड्याने आणलेल्या जर्मन पलटणींबरोबर तो या देशात आला होता. १७८३ आणि १७८४ मध्ये तो या नव्या देशात खूप हिंडला आणि दगड, झाडे, रस्ते, बाजार असे जे दिसेल ते टिपत गेला. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावाबद्दल लिहिताना त्याने तिथल्या पैशांविषयीही लिहिले आहे. कागदी नोटांची किंमत ढासळल्यावर लोकांचा भरवसा चांदीच्या स्पॅनिश डॉलरवर उरला होता. पण सुटे मिळत नसत. म्हणून डॉलरच कापून त्याचे दोन, चार, आठ तुकडे करायचे आणि ते मोड म्हणून चालवायचे, अशी रीत पडली होती. कापणाऱ्यांत मग काही तयार हात निघाले. ते एका डॉलरचे चारऐवजी पाच पाव आणि आठऐवजी नऊ-दहा अष्टमांश काढू लागले. शेवटी लोक असे तुकडे वजन केल्याशिवाय घेईनात.

ही लबाडी जमायची कशी, ते सोप्या गणिताने कळते. स्पॅनिश डॉलरचे वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येकाचा कोन ९० अंशांचा आणि वजन पावणेसात ग्रॅम भरते. पाच केले तर कोन ७२ अंशांवर येतो आणि वजन ५.४ ग्रॅम. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो. पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात, खानावळीच्या गर्दीत एकटाच तुकडा हातात आला, तर कोण कोन मोजत बसणार? पाचवा पाव हा कापणाऱ्याचा नफा होता. आज संग्राहक असा तुकडा हातात आला की आधी तराजू आणि कोनमापक काढतो. तुकडा कमी भरला तर तो निराश होत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीची फसवणूक त्याच्या तळहातावर असते, आणि कुठल्याही कागदपत्राइतकी ती बोलकी असते.

ब्रिटिश वसाहतींमध्ये स्पेनच्या राजाचे नाणे चालत होते, याला कारणे होती. या वसाहतींकडे चांदीच्या खाणी नव्हत्या. वसाहतींतला पैसा इंग्लंडकडे यावा, तिकडून बाहेर जाऊ नये, असे लंडनचे धोरण होते. त्यामुळे शिलिंग-पेन्स हिशेबाच्या वहीत असत, गल्ल्यात क्वचितच. चांदी होती ती स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिको, पेरू आणि बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात. मेक्सिको शहरातली टांकसाळ १५३५ साली स्थापन झाली. आठ रेआल किमतीचे तिथले मोठे नाणे, तोच हा स्पॅनिश डॉलर. उत्तरेकडचे व्यापारी कॅरिबियन बेटांवर मासे, लाकूड आणि पीठ विकत आणि बदल्यात हे डॉलर घरी आणत. प्रत्येक वसाहतीत त्याचा भाव मात्र वेगळा. इंग्लंडमध्ये त्यातली चांदी साडेचार शिलिंगांची. न्यू इंग्लंडमध्ये तो सहा शिलिंगांना, पेनसिल्व्हेनियात साडेसातला आणि न्यू यॉर्कमध्ये आठला चाले. म्हणजे न्यू यॉर्कमध्ये डॉलरचे आठ तुकडे केले की प्रत्येक तुकडा बरोबर एका शिलिंगाचा. छिन्नी आणि हिशेब यांचा इतका सरळ मेळ इतर बहुतेक वसाहतींत बसत नव्हता.

व्हर्जिनियातल्या जमिनीत वेगळ्या प्रकारचे तुकडे जास्त सापडतात. ते पिस्तरीनचे, म्हणजे खुद्द स्पेनमध्ये पाडलेल्या दोन रेआलच्या हलक्या नाण्याचे. मेक्सिकोच्या दोन रेआलला पाव डॉलरचा भाव मिळे आणि पिस्तरीनला एक पंचमांश. आकाराने दोन्ही जवळपास सारखी, पण मोलाने वेगळी. त्या काळी चिल्लर हाताळायची, तर एवढे बारकावे दुकानदाराला तोंडपाठ ठेवावे लागत.

नाण्यावर ठसा मारून त्याला मोल देण्याची अमेरिकन गोष्ट याहून जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सने १६५२ साली बॉस्टनमध्ये स्वतःची टांकसाळ उघडली आणि जॉन हल व रॉबर्ट सँडरसन या कारागिरांच्या हाती सोपवली. पहिली नाणी कमालीची साधी होती. चांदीच्या गोल चकतीवर एका बाजूला न्यू इंग्लंडची दोन आद्याक्षरे आणि दुसऱ्या बाजूला रोमन आकड्यात किंमत, बाकी सगळे कोरे. कडेला अक्षर नाही की वर्तुळ नाही, त्यामुळे कड कातरून चांदी काढणाऱ्याला मोकळे रान मिळाले. काही महिन्यांतच ठरावाने आराखडा बदलला आणि झाडाचे चित्र व कडेने अक्षरे आली. त्यामुळे कोऱ्या चकतीची नाणी फार थोडी उरली. त्यातले तीन पेन्सचे, जेमतेम एका ग्रॅमचे एक नाणे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २५ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. ते नेदरलँड्समधल्या एका जुन्या कपाटात सापडले होते.

परत शोप्फच्या अ‍ॅनापोलिसकडे वळू. तिथल्या जॉन चाल्मर्स नावाच्या सोनारकाम करणाऱ्या कारागिराने कापलेल्या तुकड्यांच्या गोंधळावर उपाय म्हणून १७८३ साली चांदीची स्वतःची नाणी पाडली. शिलिंग, सहा पेन्स आणि तीन पेन्स अशा तीन किमती होत्या. शिलिंगावर एका बाजूला हस्तांदोलन करणारे दोन हात आहेत. दुसऱ्या बाजूला दोन पक्षी एका किड्यासाठी भांडतात आणि कुंपणापलीकडे साप दडलेला आहे. आपसात भांडणाऱ्या राज्यांना दिलेला तो इशारा असावा, असा अर्थ अभ्यासक लावतात. सरकारने जे करायला हवे होते, ते एका सोनाराने आपल्या नावावर केले, आणि लोकांनी त्याचे नाणे घेतले. या काळाच्या चलनाचे सगळे मर्म इथे दिसते. नाण्यामागे कोण उभा आहे, हे लोकांना ठाऊक असायला हवे होते.

१७९२ मध्ये अमेरिकेने आपली टांकसाळ उभारण्याचा कायदा केला. तिच्या डॉलरमधली चांदी चलनातल्या झिजलेल्या स्पॅनिश डॉलरच्या सरासरीवर बेतली होती. पण तिच्यातून निघणारी नाणी देशाला पुरत नव्हती. शिवाय नवे डॉलर कॅरिबियन बेटांवर नेऊन तिथले जड स्पॅनिश डॉलर आणण्याचा धंदा सुरू झाला. तेव्हा १८०४ मध्ये सरकारने डॉलर पाडणेच थांबवले. परकी नाण्यांना १७९३ च्या कायद्याने मान्यता होतीच, त्यामुळे कापलेले आणि झिजलेले स्पॅनिश तुकडे आणखी अर्धशतक बाजारात फिरत राहिले.

कापण्याची कला सर्वांत पुढे गेली ती कॅरिबियन बेटांवर. तिथे नाणे व्यापाऱ्यांच्या जहाजांतून बाहेर निघून जाई. ते बेटावरच राहावे म्हणून अधिकाऱ्यांनी मधोमध भोक पाडायला सुरुवात केली. कड्याला पूर्वीच्या अख्ख्या नाण्याचाच भाव द्यायचा आणि मधली चकती वेगळी चालवायची. बेटाबाहेर मात्र त्या कड्याला चांदीच्या वजनाइतकेच पैसे मिळणार, म्हणून ते बाहेर नेण्यात लाभ उरत नसे. मार्टिनिकमध्ये हृदयाच्या आकाराचे भोक पाडले, त्रिनिदादमध्ये १८११ साली अष्टकोनी. कॅनडाकडच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडने १८१३ मध्ये हाच मार्ग धरला. कड्याला पाच शिलिंग, चकतीला एक शिलिंग, आणि दोन्हींवर सूर्यकिरणांचा ठसा. ठसा इतका सोपा होता की नकली नाणी झपाट्याने आली आणि सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली.

त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारीने ४० हजार स्पॅनिश डॉलरना भोके पाडून घेतली. ते डॉलर आदल्या वर्षी मद्रासहून जहाजाने आले होते. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून सिडनीला पोचली आणि तिथे तिला भोक पाडणारा विल्यम हेन्शॉल हा खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तिथे आलेला माणूस होता. त्या कामाची जाण त्याला होतीच.

कापण्याइतकाच महत्त्वाचा प्रकार म्हणजे ठसे. न्यू यॉर्कचा सोनार इफ्रेम ब्रॅशर परकी सोन्याची नाणी तपासून, त्यांचे वजन नीट करून त्यावर आपली आद्याक्षरे उमटवत असे. त्याने स्वतः पाडलेले एक सोन्याचे नाणे २०२१ मध्ये ९३ लाख डॉलरच्या वर विकले गेले. चांदीच्या नाण्यांवरही कारागिरांचे ठसे सापडतात. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. मोगलकालीन आणि पेशवाईतल्या रुपयांवर सराफांची बारीक चिन्हे असतात. नाणे पारखून घेतल्याची ती खूण. पोतदार नाणी पारखत, वेगवेगळ्या टांकसाळींच्या रुपयांवर बट्टा लागे. सोनाराच्या सहीवर बाजार चालणे दोन्हीकडे सारखेच होते.

अमेरिकेत मात्र या ठशांनी एक वेगळे वळण घेतले. हातोहात फिरणारे नाणे ही चालती-फिरती जाहिरात आहे, हे दुकानदारांच्या ध्यानात आले. बॉल्टिमोरच्या जेकब हाऊकने आपल्या 'पॅनेशिया' औषधाचे नाव अर्ध्या डॉलरच्या नाण्यांवर ठोकले. सॅक्रामेंटोचा औषधविक्रेता पॉलहेमस याने आपल्या दुकानाचा पूर्ण पत्ता नाण्यांवर छापला. त्याच्या ठशाचे वीस डॉलरचे एक सोन्याचे नाणे १८५७ मध्ये बुडालेल्या 'सेंट्रल अमेरिका' या जहाजाच्या अवशेषांतून समुद्राच्या तळावरून वर आले. १८२४ मध्ये स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफाएत अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याची आणि वॉशिंग्टनची चिमुकली मुखचित्रे सेंटांवर आणि अर्ध्या डॉलरवर उमटली. लोकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवली असावीत, कारण त्यातली काही फारशी झिजलेली नाहीत.

ठसे मारायला लोकांना सर्वांत आवडले ते झिजून सपाट झालेले दोन रेआल. राजाचा चेहरा पुसला गेला की अक्षरांना मोकळी जागा मिळते. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने परकी नाण्यांची मान्यता संपली. टपाल कचेऱ्या आणि सरकारी खजिने हे दोन रेआल २५ ऐवजी २० सेंटांना घेऊ लागले, आणि घेतलेली नाणी टांकसाळीत वितळवली गेली. आज जे उरले आहे ते त्या भट्टीतून सुटलेले.

इतिहासाच्या दृष्टीने अमेरिकन नाणेसंग्रहातला हा सर्वांत समृद्ध कोपरा आहे, तरी बराच काळ तो दुर्लक्षित राहिला. 'उत्तम अवस्थेतले' नाणे हवे असणाऱ्याला ठसा म्हणजे इजा आणि तुकडा म्हणजे मोडतोड. तराजू, भिंग आणि संयम असलेल्या संग्राहकाला मात्र नेमके तेच हवे असते.

अर्थात खोट्यांचीही कमी नाही. झिजलेला स्पॅनिश डॉलर अजून बाजारात मिळतो आणि करवतीने कापून त्याचा 'वसाहतकालीन पाव' करणे अवघड नाही. जाणकार आधी कापलेली कड पाहतात. छिन्नी एका बाजूने धातूत शिरते. त्यामुळे कड तिरकी असते आणि दुसऱ्या बाजूला धातू तुटल्याची खूण राहते. करवतीच्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर शंका घ्यावी. कापल्यावर तुकडा वर्षानुवर्षे चालला असेल, तर ती कडही नाण्याच्या दर्शनी भागाइतकीच गुळगुळीत झालेली असते. तीक्ष्ण, उजळ कड झिजलेल्या राजाशेजारी शोभत नाही. ठशाचेही तसेच. जोराने ठोकलेल्या ठशाच्या मागच्या बाजूला धातू चपटा होतो. ठशाच्या आत काळपटपणा नसेल, तर तो अलीकडचा असू शकतो. नाणे ठशातल्या माणसाच्या काळानंतरचे असेल, तर पुढे काही पाहायची गरजच नाही. म्हणून अशी नाणी घासूनपुसून चकचकीत करणे हा मोठा अपराध आहे. एका वेळच्या सफाईत यातले काही पुरावे निघून जातात.

तुकडा कुठे सापडला, ही माहिती त्याच्या चांदीपेक्षा मोलाची असते. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या जमिनीतून परवानगीशिवाय पुरातन वस्तू काढणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी शेतातून मालकाच्या संमतीने मिळालेल्या तुकड्यांचीही जागा नोंदवून ठेवणारे संग्राहक अभ्यासकांचे खरे सोबती ठरतात. जुन्या खानावळीच्या किंवा नदीच्या धक्क्याच्या जागी सापडलेले पाच-सहा तुकडे तिथल्या रोजच्या देवघेवीबद्दल जे सांगतात, ते एखाद्या पेटीत मिसळून गेल्यावर कधीच कळत नाही.

ठशांच्या बाबतीत काम अजून चालू आहे. ग्रेगरी ब्रंक यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ठसेदार नाण्यांची मोठी सूची १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्यातल्या कित्येक आद्याक्षरांपुढे अजून नाव नाही. 'जी जी जी आणि जी जी जी जी वापरा' असे सांगणारा ठसा पुष्कळ दिवस कोडे होता. पुढे तो न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सिटर गावच्या गुडविन या औषधविक्रेत्याचा असल्याचे उलगडले आणि पहिले तीन 'जी' त्याच्या 'गुडविन्स ग्रँड ग्रीसज्यूस'चे ठरले. चांदीच्या कारागिरांचे ठसे ओळखायची वाट आणखी सरळ आहे. तोच ठसा त्यांनी आपल्या चमच्यांवर मारलेला असतो. डॉलर वितळवून चमचे घडवणारा हात आणि डॉलरवर सही करणारा हात अनेकदा एकच असे. म्हणून या नाण्यांमागे लागलेले लोक लिलावाच्या याद्यांइतक्याच आवडीने जुन्या गावांच्या व्यापारी सूच्या आणि संग्रहालयांतले चमचे चाळतात, आणि अधूनमधून दोन बिनओळखीच्या अक्षरांना एखाद्या माणसाचे नाव, गल्ली आणि दुकान मिळते.