ह्यू केनेडी : आयर्लंडचे पहिले सरन्यायाधीश

आयरिश मुक्त राज्याच्या 1922च्या राज्यघटनेचा मसुदा ज्या समितीने केला, तिच्यात ह्यू केनेडी होते. नव्या राज्याचे पहिले ॲटर्नी जनरलही तेच. 1923 साली दक्षिण डब्लिनची पोटनिवडणूक जिंकून ते संसदेत गेले; पण खासदारकी जेमतेम काही महिने टिकली, कारण 1924 मध्ये ते सरन्यायाधीश झाले.

मला त्यांचा सर्वांत मोठा वाटणारा क्षण मात्र दहा वर्षांनंतरचा आहे. मूळ घटनेत साध्या कायद्याने दुरुस्ती करायला आठ वर्षांची मुदत होती, पुढे सार्वमत लागणार होतं. 1929 मध्ये संसदेने ही मुदतच सोळा वर्षांवर नेली. मग 1931 मध्ये लष्करी न्यायाधिकरणं घटनेत घुसवली. 'रायन विरुद्ध लेनन' खटल्यात दोन न्यायमूर्तींनी हे नाइलाजाने का होईना, वैध ठरवलं. केनेडी एकटे विरोधात राहिले. जनतेने घालून दिलेली मुदत संसद स्वतःच वाढवू शकत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. ज्यांनी घटना लिहिली, त्यांनीच तिच्यासाठी असं उभं राहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे घटनादुरुस्तीच्या मर्यादांविषयीच्या 1973च्या केशवानंद भारती निकालातही 'रायन' खटल्याची चर्चा आहे. 

केनेडी 1936 साली वारले. पुढच्या वर्षीच्या नव्या घटनेत साध्या कायद्याने दुरुस्तीची मुदत तीनच वर्षं ठेवली, आणि ही मुदत देणाऱ्या कलमाला त्या मार्गाने हात लावायलाही मनाई केली.