खेळ बंद नको, दादागिरी बंद करा!

विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, की अनेक तरुणांच्या हातातील मोबाइलवर खेळाचे मैदान उघडते. नालासोपाऱ्याचा मुलगा, नागपूरची मुलगी आणि परदेशातील दोन अनोळखी खेळाडू क्षणात एका संघात येतात. पुढे काय होते, हे मात्र शेजारच्या प्रवाशाला कळत नाही. हरल्यावर झडणाऱ्या शिव्या, मुलीचा आवाज ओळखताच सुरू होणारी अश्लील शेरेबाजी, जात-धर्म-प्रांतावरून हिणवणे, चोरट्या सॉफ्टवेअरच्या जोरावर जिंकणारे लबाड, हा सारा प्रकार हेडफोनच्या आत घडतो.

यावर आपल्याकडे बहुधा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे बंदी. २०१९ च्या प्रारंभी एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात 'पबजी'वर बंदी मागणारी जनहित याचिका दाखल झाली. हिंसा आणि सायबर छळाला या खेळामुळे खतपाणी मिळते, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पबजी मोबाइल'सह ११८ अॅपवर बंदी घातली खरी, पण कारण होते देशाच्या सुरक्षिततेचे. जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला, वर्षभरात तो अॅप स्टोअरवरून हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. या साऱ्या घडामोडींत मैदानातील वर्तनाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

खेळाडूंची मागणी

जगभरातील खेळाडूंनी वेळोवेळी केलेली मागणी याहून वेगळी आहे. खेळ बंद करू नका, त्यात पंच नेमा, असे ते सांगतात. या मागणीची मुळे थेट १९९३ पर्यंत पोहोचतात. 'लॅम्डामू' या केवळ शब्दांतून चालणाऱ्या आभासी जगात एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. संतप्त सदस्यांनी एकत्र येऊन चर्चा केली. अखेर त्या पात्राला हद्दपार करण्यात आले. त्यानंतर या जगाचे निर्माते पॅव्हेल कर्टिस यांनी सदस्यांना अर्ज करण्याची आणि मतदानाने नियम ठरविण्याची सोय करून दिली.

अलीकडचे उदाहरण 'ट्विच'चे. खेळांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या या व्यासपीठावर २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि समलिंगी प्रक्षेपकांवर द्वेषपूर्ण संदेशांच्या धाडी पडू लागल्या. बनावट खात्यांची झुंड येई आणि चर्चेची खिडकी शिव्यांनी भरून टाकी. १ सप्टेंबर २०२१ रोजी अनेक प्रक्षेपकांनी एक दिवसाचा बहिष्कार पुकारला. त्याच महिन्यात कंपनीने दोन संशयितांना न्यायालयात खेचले आणि संदेश पाठविणाऱ्याच्या फोन क्रमांकाची पडताळणी करण्याचा पर्याय प्रक्षेपकांना दिला.

'टीम फोर्ट्रेस २' या २००७ च्या खेळातील लढा अधिक चिवट ठरला. तेथे आपोआप नेम धरणाऱ्या बॉटनी माणसांना खेळणे अशक्य केले होते. मे २०२२ मध्ये खेळाडूंनी मोहीम उघडली, तेव्हा 'व्हॉल्व्ह' कंपनीने लक्ष घालण्याचे आश्वासन दिले. पण उपद्रव संपला नाही. जून २०२४ मध्ये पुन्हा मोहीम निघाली आणि मागणीपत्रावर तीन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस बॉट खात्यांवर मोठ्या प्रमाणात कारवाई झाली.

कडक म्हणजे काय?

देखरेखीचे काम साधारण तीन पायऱ्यांनी चालते. आक्षेपार्ह शब्द यंत्राने अडविणे, खेळाडूंच्या तक्रारींवरून नोंदी तपासणे आणि दोषीला शिक्षा देणे, अशा या पायऱ्या होत. शिक्षा तात्पुरता आवाज बंद करण्यापासून खाते कायमचे रद्द करण्यापर्यंत असते. पहिल्या पायरीवरच आपली अडचण सुरू होते. इंग्रजी शिव्यांची यादी बाळगणाऱ्या यंत्राला रोमन लिपीतील मराठी शिवी कळेलच असे नाही. वसईच्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या वाडवळी वा सामवेदीची तर बातच सोडा!

कडकपणाला दुसरी बाजूही आहे. टोळी करून एखाद्या निरपराध खेळाडूविरुद्ध खोट्या तक्रारी करणे सोपे असते. म्हणूनच शिक्षेचे कारण सांगणे आणि दाद मागण्याची संधी देणे, हे कठोर नियमांइतकेच महत्त्वाचे ठरते. 'ईव्ह ऑनलाइन' या खेळात कंपनीच्या माणसांवर पक्षपाताचे आरोप झाले. त्यानंतर २००८ पासून तेथे खेळाडूंनीच निवडून दिलेली सल्लागार परिषद आहे. पंचावरही कुणाची तरी नजर हवी, हा त्यातील धडा.

आपण काय करावे?

भारतीय खेळाडू अगदीच निराधार नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे आणि २४ तासांत तक्रारीची पोच देणे बंधनकारक केले. एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने ऑनलाइन गेमिंग कंपन्यांनाही या चौकटीत आणले. अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये स्थापलेल्या अपील समित्यांकडे जाण्याची तरतूद आहे. त्यासाठी संदेशाचे छायाचित्र, समोरच्याचे खेळातील नाव, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. धमकी, खंडणी किंवा लैंगिक छळ असेल, तर प्रकरण खेळापुरते उरत नाही. अशा वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे दार ठोठवावे.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोन काढून घेतला जाईल या भीतीने मूल गप्प राहिले, तर छळणाऱ्याचेच फावते. मैदानात गुंडगिरी होते म्हणून आपण मैदानाला कुलूप लावत नाही, गुंडाला बाहेर काढतो. ऑनलाइन खेळाडूंचे मागणेही तेवढेच आहे. वर उल्लेखिलेल्या प्रत्येक ठिकाणी कंपनी हलली, ती एकट्या-दुकट्याने केलेल्या तक्रारीने नव्हे, तर खेळणाऱ्यांनी एकत्र येऊन नेमके काय हवे ते सांगितल्यावर.