घरातल्या पाऱ्याला निरोप

राग आला की आपला पारा चढतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. जुन्या आरशावर काळे डाग पडले की आजी म्हणायची, "आरशाचा पारा उडालाय." भाषेतला हा पारा खुशाल राहू दे. घरातल्या पाऱ्याला मात्र आता निरोप द्यायला हवा.

मी बरीच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. या दिवाळीनंतर आमच्या घरी पाळणा हलणार आहे, म्हणून सूनबाईंनी आणि मी घर आवरायला काढलं. कपाटातून काचेचे दोन थर्मामीटर निघाले, माळ्यावरून जुने सीएफएल दिवे निघाले आणि सासऱ्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्रही निघालं. ते डॉक्टर होते. "बाबांची आठवण आहे, ती कुठेही जाणार नाही," असं आमच्या ह्यांनी लगेच बजावलं.

थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो, तर रक्तदाबाच्या जुन्या यंत्रात ८० ते १०० ग्रॅमपर्यंत. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये तो अगदी थोडा, मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतका असतो. काच शाबूत आहे तोवर धोका नाही. पण सांडलेला पारा खोलीतल्या साध्या उष्णतेनेही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे शरीरात जाते आणि मेंदू, मज्जासंस्था व मूत्रपिंडांना अपाय करते. लहान मुलं जमिनीलगत खेळतात, रांगतात, म्हणून त्यांना धोका जास्त. गर्भातलं बाळही त्यातून सुटत नाही.

मोरीत ओतलेला पारा नाहीसा होत नाही. नदी-तलावाच्या गाळातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते माशांत साठतं आणि माशांमधून माणसात येतं. जपानमधल्या मिनामाता गावाने हे भोगलं आहे. तिथल्या रसायन कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात जात होतं. आधी मांजरी झटके येऊन मरू लागल्या, मग माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारसा त्रास नसतानाही जन्मतः मेंदूला इजा झालेली बाळं तिथे जन्मली. आपल्याकडे कोडईकनालचा थर्मामीटर कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यावरून २००१ मध्ये बंद झाला.

मिनामाताच्याच नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ पासून लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबयंत्रं, काही बॅटऱ्या, दिवे आणि गोरेपणाची मलमं यांचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवायचं, असं त्यात ठरलं आहे. ट्यूबलाइटसाठी २०२७ पर्यंतची मुदत आहे. पर्याय घरोघरी आलेच आहेत: डिजिटल थर्मामीटर, डिजिटल रक्तदाबयंत्र आणि एलईडी दिवे. लग्नसराईत मुली झटपट उजळ करणारी क्रीम आणतात. त्यावर घटकांची यादी नसेल, तर ते हातीसुद्धा धरू नये.

दुकानात नवा पारा येणं थांबेल, पण माळ्यावरचा जुना पारा आपल्यालाच काढावा लागेल. तो फुटला तर काय करायचं, ते लक्षात ठेवा. मुलांना आणि गरोदर बाईला खोलीबाहेर पाठवा. खिडक्या उघडा, कूलर आणि एसी बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नका, त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. हातमोजे घालून, जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र ढकला आणि ड्रॉपरने उचला. उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपा. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यावर 'पारा' असं लिहा. मोरीत काही टाकू नका. पारा लागलेला कपडा वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

२०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल, ट्यूबलाइट आणि फुटके थर्मामीटर यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं. आपल्या इंदूरच्या कचरा गाडीत त्यासाठी वेगळा कप्पा असतो. आपण मात्र जुनी ट्यूब सुक्या कचऱ्यात घालून मोकळे होतो. ती फुटली की वाफ आधी गाडीवरच्या माणसाच्या नाकात जाते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

रक्तदाबयंत्रावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी सूनबाई सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आजोबा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं?" ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच यंत्र उभं धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं. ओळखीच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या दवाखान्यातली पाऱ्याची यंत्रं बदलत होत्या. त्यांच्या खोक्यात आमचंही गेलं. सासऱ्यांचा स्टेथोस्कोप आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे.

मंडळाच्या बहुतेक घरांत एखादा माळा किंवा एखादं जुनं कपाट असेलच. यंदाच्या आवराआवरीत तिथे एकदा नजर टाका. फुटका नसलेला पारा बाहेर काढणं सोपं असतं. फुटल्यावर ते सोपं राहत नाही.