गॅस धुणारे द्रावणच मळते तेव्हा…

वैभववाडीहून करूळ घाट चढून कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. काहिलीतल्या उकळत्या रसात भेंडीचे चिकट पाणी घातले की मळी वर येते आणि झाऱ्याने काढता येते. गॅस प्रकल्पातली मळी इतकी सरळ नाही.

मुंबईजवळच्या समुद्रातील वसई क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरतजवळ ओएनजीसीच्या हजिरा प्रकल्पात अमाइनचे पाण्यातले द्रावण तो शोषून घेते. द्रावण तापवले की तो सुटतो आणि तेच द्रावण पुन्हा वापरात येते.

अडचण वेगळीच आहे. ऑक्सिजन शिरला की अमाइनचे विघटन होऊन फॉर्मिकसारखी आम्ले तयार होतात. त्यांचे क्षार कितीही तापवले तरी सुटत नाहीत. तेवढे अमाइन निकामी. वर गंज वाढतो. लोह सल्फाइडचे कण आणि कॉम्प्रेसरचे तेल मिसळले की फेस येतो आणि मग विषारी वायू पुढे निसटू शकतो.

कण गाळणीत अडकतात, तेल सक्रिय कोळशावर. विरघळलेल्या क्षारांसाठी मात्र आयन-विनिमय राळ किंवा निर्वात ऊर्ध्वपातन लागते. प्रकल्प बंद न करता द्रावणाचा थोडा प्रवाह बाजूला वळवून स्वच्छ करतात आणि परत सोडतात. सगळे बदलणे महाग, शिवाय जुने टाकायचे कुठे?