डोळे मिटून उत्तर दाखवा

माणगावात एखाद्या मोकळ्या अंगणात डोळे मिटा, स्वतःभोवती चार गिरक्या घ्या आणि उत्तर दिशेला बोट करा. नाही ना जमत? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, साधारण 40 हजार नॅनोटेस्ला, आत्ताही तुमच्या डोक्यातून आरपार जातंय. रॉबिन पक्षी त्यावरून वाट शोधतो. आपल्याला पत्ताही नाही.

खरंच नाही? 2019 मध्ये कॅल्टेकच्या जोसेफ किर्शविंक यांच्या गटाने माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून भोवतालचं क्षेत्र फिरवलं. काहींच्या मेंदूतल्या अल्फा लहरींचा जोर घटला, पण जाणवलं कुणालाच काही नाही. माझ्या मते याला लगेच 'सहावं इंद्रिय' म्हणू नये. मेंदूत पडसाद उमटणं वेगळं, आपल्याला कळणं वेगळं.

आपल्या रायगड जिल्ह्यात हे काम उपकरणं करतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला सुरू झालं. तिथल्या उपकरणांच्या खोल्यांत लोखंड चालत नाही! 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, त्यामुळे कुलाब्याच्या जुन्या नोंदी अलिबागच्या नव्या नोंदींशी जोडता आल्या. त्या जुन्या नोंदींत सप्टेंबर 1859 चं सौर वादळ आहे: क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरलेलं. तसं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, याचा अंदाज बांधताना आजही हाच आकडा काढला जातो.